ग्रिलसुद्धा हललं होतं

आमच्या डोंबिवलीच्या घराची गॅलरी रुळांकडे तोंड करून आहे. गाडी जाईपर्यंत पाहुणे बोलायचे थांबतात. आम्ही थांबत नाही, कारण आम्हाला ती आता ऐकूच येत नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. चहा ते अर्धाच कप मागायला लागले. आईने डॉक्टरांचं नाव काढलं की ते पेपर उघडायचे. मी दोघांच्या मध्ये बसून मोबाइल बघायचे. घरात मी बहुतेक वेळा अशीच असते.

एका रविवारी बाबांनी कपाटातून त्यांचा जुना रोलचा कॅमेरा काढला. मी ऑनलाइन मागवलेला रोल त्यात घातला आणि गॅलरीच्या दारात ट्रायपॉड उभा केला.

"हे कशाला?" बाबा म्हणाले. "आजवर सगळे फोटो मी हातात धरूनच काढलेत. तुझ्या बारशाचेसुद्धा."

"त्यात बाळ कुठलं आणि आत्या कुठली, कळत नाही," आई मेथी निवडता निवडता म्हणाली.

"ते माझी ताई एकसारखी नाचत होती म्हणून!"

"मग आज होऊनच जाऊ दे. माझेच काढा. तुमचा फोटो हलला, तर गपचूप डॉक्टरकडे यायचं."

"आणि नाही हलला तर?"

"तर मी परत विषय काढणार नाही."

असली पैज कुणी लावतं का?

बाबांनी दाराच्या चौकटीला खांदा टेकवला, कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबली, अर्धा श्वास सोडून थांबले आणि बटण दाबलं. मग मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. सगळं अगदी स्पष्ट यावं म्हणून अ‍ॅपर्चर लहान ठेवलं, त्यामुळे शटर बाबांसारखं क्षणभर नाही, चांगलं अर्धा सेकंद उघडं, आणि हात लागू नये म्हणून टायमर. आईला बजावलं, हलू नकोस.

"श्वास घेऊ ना?" तिने विचारलं.

आलटून पालटून आम्ही रोल संपवला.

प्रिंट्स आणायला मी ठाण्याला गेले. दुकानातच पाकीट उघडलं. बाबांचे फोटो स्वच्छ होते, मेथीच्या पानांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. माझे बरेचसे हललेले. आई हलली म्हणावं, तर तिच्यामागचं गॅलरीचं ग्रिलसुद्धा हललं होतं. प्रत्येक गजाला दोन-दोन कडा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ट्रायपॉडचा स्क्रू लूज असेल." घरी येऊन पाहिलं तर स्क्रू घट्ट होता.

जो हात रोज थरथरताना दिसतो, त्याचा फोटो स्थिर. जे हलूच शकत नाही, ते हललं. माझे डोळे चुकतात की फोटो? आणि बाबा जिंकले याचा मला आनंद व्हायला हवा होता की नको, तेही कळेना.

"बघ!" बाबा खूश झाले. आईने शब्द पाळला. ती काहीच न बोलता चहा ठेवायला गेली. एरवी आम्ही दोघं तिला गप्प बसवायला बघतो, पण त्या दिवशी तिचं गप्प बसणं मला सहन होईना.

चहाचा कप गॅलरीच्या कठड्यावर ठेवून बाबा पुन्हा फोटो बघत बसले. मी शेजारी उभी होते. कपातल्या चहावर बारीक वलयं उठत होती. कपाला कुणाचाही हात नव्हता.

खालून फास्ट गाडी चालली होती. कित्येक वर्षांनी मला ती ऐकू आली. बिल्डिंग हलत होती, म्हणजे त्या रविवारी ट्रायपॉडही हलला होता आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे इतके दिवस बाबांच्या हातातला कपसुद्धा गाडीमुळेच हलत असेल?

गाडी गेली. चहा स्थिर झाला. बाबांनी कप उचलला आणि चहा पुन्हा थरथरायला लागला.

"बाबा, आता गाडी नाहीये," मी म्हणाले.

त्यांनी आधी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फोटोपुरता श्वास धरून ठेवता येतो गं," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे वळून जरा मोठ्याने, "ऐकलंस का, डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव!"

आतून आईने विचारलं, "मग पैज जिंकलं कोण?"