डासबाईंच्या तीन कुंड्या

दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त तपासायची खोली आहे. तिथल्या पहिल्या टेबलावर बावीस वर्षं एकच बाई बसत आल्या आणि सगळे त्यांना डासबाई म्हणतात. नाव कुणा चावट पेशंटने ठेवलं असलं तरी त्यात कौतुकच जास्त. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, पत्ता लागायचा नाही. जिची शीर कुठेच सापडत नाही अशी बाई, सुई बघूनच घाम फुटणारा धिप्पाड गडी, सगळे त्यांच्याच रांगेत. दुसऱ्या टेबलावरचा सहकारी निवांत जांभया देत बसायचा.

गेले काही महिने मात्र उजवा हात डासबाईंचं ऐकेनासा झाला होता. भांडी घासताना, कुलूप लावताना काही नाही. पण हात अधांतरी स्थिर धरला की बोटं बारीक थरथरायची. एकदा एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं आणि कोपराच्या आत हे एवढं काळंनिळं झालं. "असू दे, माझी शीरच चोरटी," असं म्हणून आजोबा निघून गेले. डासबाईंनी त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते टेबल गेलं तर आपण कोण उरतो?

घरी त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई, दोघीच. नणंदबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. जीभ तिखट, हात मात्र कागदावर केसभर हलायचा नाही. काचा लावलेल्या गॅलरीत दोघींनी मिरचीची सहा रोपं लावली होती, तीन हिची, तीन तिची. रोपं तरारली, पांढरी फुलं आली, आणि देठ पिवळे पडून चार दिवसांत गळूनही गेली.

"समोर रस्ता खणलाय म्हणून काचा बंद. मग माशी येणार कुठून आणि फुलं हलवून पराग पाडायला वारा येणार कुठून?" नणंदबाई म्हणाल्या. "आता माशीचं काम आपणच करायचं."

त्यांनी आपला सगळ्यात बारीक ब्रश काढला. नव्या फुलातला पराग उचलून शेजारच्या फुलाला लावायचा, इतकं सोपं. पण तीस वर्षांची सवय अशी की एकीकडून दुसरीकडे जाताना ब्रश पाण्यात बुचकळायचा, फडक्याला पुसायचा आणि मगच पुढे जायचं. न धुता ब्रश दुसऱ्या रंगात घालणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर झापलं होतं. सगळा पराग रोज इमाने इतबारे पेल्यात जात होता आणि नणंदबाईंना त्याची गंधवार्ता नव्हती.

डासबाई तर काहीच करत नव्हत्या. सकाळी कामावर निघण्याआधी आपल्या झाडांपाशी उभ्या राहायच्या आणि एकेका फुलाचा देठ, सुई धरतात तसा, दोन बोटांत धरायच्या. आज हात कसा आहे, एवढंच बघायचं असायचं. फूल थरथरायचं. बोटाला कधी फिकट भुकटी लागायची, ती रुमालाला पुसून त्या चालू लागायच्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या झाडांवर वाळलेल्या पाकळ्यांतून टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या मिरच्या डोकावल्या. चांगल्या अकरा. नणंदबाईंच्या झाडांखाली नुसता फुलांचा सडा.

"वहिनी, तू गुपचूप काहीतरी घालतेस यांना."

"काही नाही हो, वन्सं."

"मग रोज सकाळी तिथे उभी राहून काय करतेस? करून दाखव."

डासबाईंनी "बसची वेळ झाली" असं म्हणून पाहिलं, चप्पल शोधून पाहिली. नणंदबाई दारातून हलेनात. शेवटी डासबाईंनी एक फूल धरलं. नणंदबाई चष्मा सावरून वाकल्या. फूल वाऱ्याने हलावं तसं थरथरलं, परागाची भुकटी त्यातच सांडली. त्यांनी आधी फुलाकडे पाहिलं, मग बोटांकडे, आणि मग बराच वेळ बोटांकडेच.

"हे कधीपासून?"

"सात महिने झाले."

"दवाखान्यात माहीत आहे?"

डासबाईंनी नकारार्थी मान हलवली. नणंदबाईंनी ब्रशच्या पाण्याचा पेला उचलला आणि मोरीत ओतला.

मिरच्या बोटभर झाल्या, गडद हिरव्या झाल्या, मग एका अंगाने काळपट पडून लाल व्हायला लागल्या. यात दोन महिने गेले. डासबाई रोज "उद्या सांगते" असं स्वतःशी म्हणायच्या आणि उजव्या मनगटाला डाव्या हाताचा टेकू देऊन टोचत राहायच्या.

मग नणंदबाईंची साखरेची तपासणी आली. त्या नेहमीसारख्या रांगेत थांबल्या, पहिल्या टेबलासमोर बसल्या आणि त्यांनी बाही वर केली.

"घे."

"वन्सं, आज त्या टेबलावर जाता का?"

"का बरं? या बाकीच्यांना नाही पाठवत तू. मीच काय वेगळी?"

डासबाईंनी पट्टा बांधला. शीर पाठ होती, डोळे मिटूनही सापडली असती. त्यांनी सुई उचलली. टोक हलत होतं. नणंदबाईंनी हात मागे घेतला नाही, नजरही वळवली नाही. त्यांच्या मागे नऊ माणसं उभी होती, बाह्या सरसावून, बिनघोर.

डासबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली, पट्टा सोडला आणि सहकाऱ्याला हाक मारली. "यांचं तुम्ही घ्या. मागच्यांचंही तुम्हीच घ्या." मग त्या उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा नणंदबाईंच्या तिन्ही कुंड्या त्यांच्या कुंड्यांना लागून ठेवलेल्या होत्या. नणंदबाईंच्या कोपराच्या आत मोठा काळानिळा डाग होता.

"तुझा तो सहकारी कसाई आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, उद्यापासून माझ्या फुलांनाही तूच हात लाव. माझ्या हाताने ते होत नाही."

डासबाई कुंड्यांपाशीच खाली बसल्या आणि हमसून रडल्या. नणंदबाईंनी त्यांना रडू दिलं, आणि तोवर पिकलेल्या मिरच्या तोडून घेतल्या.