वैशाखातला कोट

भर वैशाखात जगूभाऊ विहिरीजवळ बसले होते आणि अंगात काळा कोट होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हा माणूस जन्मभर वाडीत उघड्या अंगाने वावरलेला. चिकूच्या झाडावर चढताना, विहिरीवर आंघोळ करताना, तलाठ्याशी भांडतानासुद्धा कमरेला धोतर आणि खांद्यावर पंचा, एवढंच.

मी पिशवी खाली ठेवली. "भाऊ, थंडी वाजते?"

"वाजते," ते म्हणाले. कपाळावरून घाम गळत होता.

मी तेव्हा डहाणूच्या एका दवाखान्यात नर्स होते. भाऊंना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणारी छोटी ग्रंथी. तिथला कॅन्सर पसरला की बहुधा हाडांत उतरतो. कंबर, मांड्या, मणके, बरगड्या. हाड आतून पोखरलं जातं आणि जे दुखतं त्याला तोड नाही. भाऊंना आडवं होता येत नव्हतं. भाताच्या पोत्याला टेकून बसायचे. कोणी खाटेला धक्का दिला तरी ओरडायचे. अ‍ॅस्पिरिनने काही होत नव्हतं. मॉर्फिन डॉक्टर कुलपात ठेवत आणि सवय लागेल म्हणून हात आखडून देत.

मग डॉक्टरांनी मुंबईहून स्टिलबेस्ट्रॉलच्या गोळ्या मागवल्या. हा कॅन्सर पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो. गोळीत बायकांचं हार्मोन असतं. ते पोटात गेलं की कॅन्सर मरत नाही, पण उपाशी पडतो आणि हाडांचं दुखणं उतरतं. महिनाभरात भाऊ आपल्या पायांनी विहिरीपर्यंत जाऊ लागले. वहिनी, म्हणजे त्यांच्या बायको काशीबाई, माझ्या पाया पडायला आल्या. मी त्यांना गोळीच्या पाया पडायला सांगितलं.

पण या गोळीने पुरुषाची छाती वाढते. मी डॉक्टरांना आधीच म्हटलं होतं, "भाऊंना हे सांगायला हवं."

डॉक्टर गुजराती. "सिस्टर, सांगितलं तर तो घेणारच नाय. पहेला दुखणं तर जाऊ दे."

कॅन्सर आहे हेसुद्धा भाऊंना कोणी सांगितलं नव्हतं. ते फक्त वहिनींना माहीत होतं. तेव्हा तशीच पद्धत होती.

"बटणं काढा," त्या दिवशी विहिरीजवळ मी म्हटलं.

"बाईमाणसासमोर?"

"मी नर्स आहे. काढा."

त्यांनी काढली. छातीच्या दोन्ही बाजू सुजल्यासारख्या वर आल्या होत्या. बोट लावलं तर कळवळले.

"हे काय आहे, बाई?"

गोळीने काय होतं ते मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही मला बाई करताय."

"दुखणं थांबवतोय."

"किती दिवस घ्यायच्या?"

"कायमच्या."

तेवढ्यात त्यांचा मेहुणा दामू आला. भाऊंनी घाईघाईने कोट ओढून घेतला. दामू गावातला थट्टेखोर. "काय भाऊ! बाळंतिणीसारखे गुंडाळून बसलात? नर्सबाई पण आल्यात. बारसं कधी?"

त्याच्या मागोमाग पाणी भरायला आलेल्या बायका हसल्या. दामूला काहीच माहीत नव्हतं. एरवी भाऊंनी त्याला चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी ते खाली बघून बटणं लावत राहिले.

पुढच्या खेपेला वहिनींनी मला मागच्या दारी गाठलं. "बाई, त्यांनी गोळ्या पाटाच्या पाण्यात सोडल्या. सगळ्या."

मी डॉक्टरांना घेऊन गेले. त्यांनी दुसरा इलाज सांगितला. ऑपरेशन करून वृषणं काढायची, म्हणजे पुरुषाचं हार्मोन तयारच होत नाही.

"गोऱ्ह्याला ठेचतात तसं?" भाऊंनी विचारलं.



मी म्हटलं, "भाऊ, काहीच केलं नाही तर दुखणं परत येईल. या वेळी पाय जातील."

"जाऊ देत. छाती तर जाईल ना?"

"लवकर नाही. कदाचित जाणारच नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. बसावा असं आम्ही आधी काही केलंच नव्हतं.

आषाढ लागायच्या आत ते पुन्हा पोत्याला टेकले. नुसत्या खोकल्याने एक बरगडी मोडली. मग कमरेचा मणका खचला आणि पाय लुळे पडले. आता डॉक्टर मॉर्फिनला नाही म्हणत नव्हते, पण इंजेक्शन देणारी मी एकटी आणि मधे तीन मैलांची चिखलवाट. सकाळी दिलेलं दुपारी उतरायचं. मग ते कोटाची कॉलर दातांत धरायचे. कोट त्यांनी शेवटपर्यंत काढू दिला नाही.

एकदा त्यांनी स्वतःहून गोळी मागितली. वहिनींसमोर, मान फिरवून. मी दिली, रोज देत राहिले. पण गोळी कॅन्सरवर चालते, खचलेल्या मणक्यावर नाही.

श्रावणात ते गेले. मी पोचले तेव्हा अंगणात पाट मांडला होता आणि आंघोळ घालायला पुरुष जमले होते. वहिनींनी माझं मनगट धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, यांची छाती बांधा. माणसं बघतील."

मी कोट काढला. छाती होती तशीच होती. पिशवीतून रुंद पट्टी काढून काखेपासून बरगड्यांपर्यंत घट्ट गुंडाळली. इतकी घट्ट पट्टी मी जिवंत माणसाला कधी बांधली नसती. त्यांना दुखेल म्हणून माझा हात एकदा थांबला, मग पुढे चालू केलं.

पाणी ओतताना दामूने विचारलं, "ही पट्टी कसली, बाई?"

"जखम होती."

"भाऊ कधी बोलले नाहीत."

"काढू नका," मी म्हटलं.

पुढे मी तलासरीला गेले, डॉक्टर बदलले, गोळी तीच राहिली. आता गोळ्यांची पहिली पुडी हातात देण्याआधी मीच सांगते: दुखणं उतरेल, छाती वाढेल, विचार करून घ्या. वेवजी गावच्या एका म्हाताऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि पुडी परत दिली. त्याचे शेवटचे दिवसही मी पाहिले, भाऊंपेक्षा काही बरे नव्हते.

तरी सांगते.