गार गाठ

खोटं कशाला बोलू, वीसेक वर्षांपूर्वी मी वज्रेश्वरीच्या देवीवर रुसले होते. पाठीच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती. गळू म्हटलं की आम्हा शेलार गावच्या बायकांना एकच ठाऊक, ते पिकवायचं. सासूबाई अळशीचं पोटीस बांधत आणि मी दर मंगळवारी दर्शन घेऊन गरम कुंडात पाठ शेकत बसे. गाठ पिकेना, दुखेना. संध्याकाळी कणकण मात्र यायची आणि पाय जड पडू लागले होते. मुलगी दोन वर्षांची. तिला उचलताना गुडघे लटपटायचे, आणि देवी ढिम्म!

एका मंगळवारी मी रुसून दर्शन न घेताच कुंडावर गेले; तिथे वाफ दाटली होती. मागून कुणीतरी गाठीवर तळवा ठेवला. दचकून वळले, तर एक अनोळखी म्हातारी.

"सगलं आंग तापलंय तुजं, नि ही गाठ गार हाय," ती म्हणाली. "माज्या लेकीची अशीच व्हती. हाडाचा टीबी."

"मग काय केलंत?"

"पिकायची वाट बघत बसलो."

एवढं बोलून ती काठावर लुगडं पिळायला गेली. मी शेक अर्धाच सोडून पाण्यातून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी भिवंडीतले डॉक्टर म्हणाले, "खोकला नाही, छातीचा फोटो स्वच्छ, मग टीबी कसला?" एरवी मी डॉक्टरांपुढे नुसती मान हलवणारी, पण त्या दिवशी हटून बसले. शेवटी त्यांनी गाठीत सुई घालून पू तपासायला पाठवला आणि ठाण्याला पाठीचा एमआरआय करून घेतला. टीबीने दोन मणके पोखरले होते आणि तिथला पू उतरून ती गाठ झाली होती. आणखी थांबले असते तर पाय गेले असते, असं डॉक्टरच म्हणाले. दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या, कमरेला पट्टा बांधला.

बरी झाल्यावर म्हातारीसाठी लुगडं घेऊन गेले. ती जवळच्या अंबाडी गावची, कुंडावरच भेटली. मी सगळं सांगितलं. तिने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांवर भाजल्याचे चट्टेच चट्टे होते.

"लेकीचं मी बोलली आसंन. पन गार-गरम ह्या हातांना कलतच न्हाय गो. लेक गेली तवापासनं. चुलीत भाजलं तरी वासानं समजतं."

मग गार कुणाला लागलं? मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. ते तळवे कपाळाला लावले आणि पोटभर रडले. मी रुसून पाठ फिरवली होती, आणि आई वज्रेश्वरीने त्याच पाठीवर हात ठेवला होता.

मुलगी एव्हाना चांगलीच जड झाली होती. तिला कडेवर घेऊन मी देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढले.