हेडचे दहा बोल्ट

आपण आयुष्यात एकही बोल्ट फेकला नाही, हे गॅरेजवाला मिस्त्री स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मागच्या भिंतीला बिस्किटांचे रिकामे डबे ओळीने लावलेले, आणि प्रत्येक डब्यात एकेका जातीच्या इंजिनाचे बोल्ट, रॉकेलने धुऊन तेलाचा हात फिरवलेले. "लोखंड म्हातारं होत नाही, माणूस होतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि अडतीस वर्षं ते खरंही ठरलं. जुन्या गाड्यांच्या हेडचे बोल्ट अंगठ्याएवढे जाड. दहा वेळा काढा, दहा वेळा बसवा, हूं की चूं करायचे नाहीत.

बायको म्हणायची, "घरात एक चेपलेलं पातेलं खपत नाही यांना, आणि तिकडे भंगाराला तेल चोळत बसतात!" मिस्त्री हसून सोडून द्यायचा.

मग ब्रेडवाल्या ताईंची गाडी आली. नव्या धाटणीचं डिझेल इंजिन, मागून पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी रोज कमी. गॅस्केट उडालं होतं. गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, ज्याला हेड म्हणतात, त्यांच्यामधली पातळ बैठक. झाकण आवळून धरायला दहा बोल्ट. मिस्त्रीने हेड काढलं, लेथवाल्याकडून घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट घातलं. ताई बिचाऱ्या म्हणाल्या होत्या, "लागेल ते नवं घाला हो, मिस्त्री." पण मिस्त्री म्हणाला, "बोल्ट झकास आहेत ताई. आमच्याकडे फेकाफेक नसते." गॅस्केटच्या खोक्यात एक कागद होता, त्याने मिस्त्रीने हात पुसले. कागद वाचणारे कागदच दुरुस्त करतात, असं त्याचं मत.

दोन महिन्यांनी गाडी परत आली. पुन्हा पाणी कमी.

आता शहाण्या माणसाने आधी इंजिन उघडलं असतं. पण ताईंना गाडी रोज लागायची, गळती थोडी होती, तेव्हा पाणी घालून चालवायचं ठरलं. आणि त्याच दिवशी स्पेअर पार्टच्या दुकानात, पाच-सहा मेकॅनिक उभे असताना, मिस्त्री बोलून गेला, "लेथवाल्याचे डोळे गेले राव. हेड वाकडं घासलंन." उचलली जीभ, लावली टाळ्याला! तीही कोणाबद्दल? ज्याच्याकडे तीस वर्षं रोज चारचा चहा प्यायला, त्याच्याबद्दल.

बाजारात असली बातमी चालत नाही, धावते. तीन गॅरेजांनी लेथवाल्याकडे हेड पाठवणं बंद केलं. तो एकदा गॅरेजात येऊन म्हणाला, "मला ते हेड बघू दे." मिस्त्री वर न बघता म्हणाला, "उघडेन तेव्हा बघू." लेथवाला आल्या पावली परत गेला. चारचा चहा त्या दिवसापासून बंद.

तीन आठवड्यांनी ताईंना भाड्याची गाडी मिळाली आणि मिस्त्रीने इंजिन उघडलं. हेड बाकावर ठेवलं, वर पोलादी सरळपट्टी आडवी ठेवली, आणि फटीत घालायचं सगळ्यात पातळ पातं सरकवून बघितलं. जाईना. तिरकं ठेवलं, उभं ठेवलं. कुठेच जाईना. हेड आरशासारखं सपाट. ब्लॉकही सपाट.

मग त्याने ते दहा बोल्ट काचेवर डोकी खाली करून उभे केले. दहांची उंची सारखी नव्हती. एकावर नट हाताने फिरवला, तो अर्ध्यावर अडला. तिथे बोल्ट ताणला जाऊन त्याच्या आट्यांमधलं अंतर वाढलं होतं. पुन्हा आणलेल्या नव्या गॅस्केटच्या खोक्यातला कागद त्याने या वेळी चष्मा लावून वाचला. या इंजिनाचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, एकदाच. हेड उघडलं की नवेच घालायचे.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सैल पडलेल्या इलॅस्टिकला पुन्हा गाठ मारल्यासारखं केलंत. आणि वर नाचता येईना, अंगण वाकडं!"

"चुकलं गं माझं."

"मला काय सांगता? जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

रात्रभर त्याला लाज वाटत राहिली. उद्या हाच बाजार म्हणेल, मिस्त्री संपला. दुसऱ्या दिवशी अकराला, दुकानात गर्दी असते तेव्हाच, तो गेला. दहा नवे बोल्ट मागितले आणि मोठ्याने म्हणाला, "ऐका रे सगळे. लेथवाल्याचं हेड सरळ होतं. मी जुने बोल्ट लावले. चूक माझी." कोणीतरी हसलं. "मिस्त्री, डबे विकायचे का आता?" मिस्त्री म्हणाला, "विकीन. पण हेड त्याच्याकडेच पाठवा."

तिथून तो, हेड पोत्यात गुंडाळून, लेथवाल्याकडे गेला. हेड घासून सपाट करायच्या फेसिंगच्या मशीनवर ताडपत्री होती. लेथवाला लेथवर फाटकाची बिजागरी घासत होता. त्याने लेथ बंद केला नाही.

मिस्त्रीने हेड बाकावर ठेवलं. "बघ. तू मागितलं होतंस."

लेथवाल्याने लेथ थांबवला. चष्मा पुसला. चष्मा नवा होता. सरळपट्टी ठेवून तो खाली वाकला, मागून दिव्याचा उजेड घेतला, आणि पट्टी सरकवत सरकवत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. मग पुन्हा पहिल्यापासून.

"सरळ आहे," तो म्हणाला.

"पहिल्यापासून सरळ होतं. बोल्ट ताणलेले होते माझे. मी सगळ्यांसमोर सांगून आलोय. मला माफ कर."

लेथवाला स्टुलावर बसला. "अरे, दोनदा चष्मा बदलला मी. घरी सांगून टाकलं, की डोळ्यांवर भरवसा राहिला नाही आता. ते फेसिंगचं मशीन विकायला काढलं, न्यायला उद्या माणूस येतोय."

मिस्त्री म्हणाला, "त्याला काय सांगशील?"

लेथवाल्याने हेडवरून एकदा तळवा फिरवला. "सांगेन, माझे डोळे ठीक आहेत."