दात मोजणारा रूम पार्टनर

अख्ख्या लातुरात एआयचा सगळ्यात जास्त छळ कुणी केला असेल, तर तो माझ्या कॉलेजातल्या रूम पार्टनरनं. गडी देवणीकडचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांची पारख. बाजारात दात मोजल्याशिवाय आणि चार पावलं चालवून बघितल्याशिवाय ही माणसं जनावर घेत नाहीत. मोबाइलवर आलेलं उत्तरही तो तसंच चालवून बघायचा. एकच प्रश्न सोमवारी विचारायचा, पुन्हा गुरुवारी विचारायचा, आणि दोन उत्तरं जुळली नाहीत की खूश होऊन मला चहा पाजायचा. वहीत एआयचं सांगणं लाल शाईत, स्वतः तपासलेलं निळ्या शाईत. त्याच्या वह्या लग्नपत्रिकेसारख्या रंगीत दिसत. एकदा एआयनं गोवंशावरच्या एका ग्रंथाचं नाव दिलं, तर हा पठ्ठ्या तो शोधायला थेट नांदेडच्या लायब्ररीत जाऊन आला. असा ग्रंथ कुणी लिहिलाच नव्हता. परत आल्यावर त्यानं एआयला चांगलं खडसावलं, एआयनं माफी मागितली, आणि याचा राग तिथंच उतरला.

"चुकलं म्हणून कबूल तर केलं की," तो मला म्हणाला, "आपल्या वर्गात तेवढं तरी कोण करतंय?"

हे मला लागलं, कारण माझं प्रोजेक्ट बॅगेत तयार होतं. गावाकडची जनावरं का कमी झाली, यावर लातूरजवळच्या माझ्याच मुरुड गावातल्या वीस शेतकऱ्यांच्या मुलाखती, आणि वीसच्या वीस शेतकरी एआयनं जन्माला घातलेले. दोन दिवसांनी जमा करायचं होतं. पकडलो गेलो तर वर्ष गेलं. न राहवून मी ते त्याच्या हातात दिलं. त्यानं सरांकडे चुगली केली नाही की मला उपदेश केला नाही. प्रश्न एआयनं चांगले काढलेत, तेवढे ठेव म्हणाला, आणि सकाळी मला मोटारसायकलवर मागं बसवून मुरुड गाठलं.

दिवसभरात सहा माणसं झाली. सातवे माझे वडील. स्वतःच्या बापाला असले प्रश्न विचारायला माझी जीभ रेटेना, म्हणून जनावरं का विकली ते पार्टनरनंच विचारलं. वडिलांनी उत्तरही त्यालाच दिलं.

"ह्यो लातूरला गेला, मला एकट्याला झेपंनात," ते म्हणाले. "पर ह्याला कशाला सांगू? शिकायचं सोडून परत आला असता."

सातच मुलाखती म्हणून सरांनी मार्क कापले. आता तो देवणीकडं, मी इकडं. त्याची फार आठवण आली की मी ते प्रोजेक्ट काढून बघतो. सातवं उत्तर त्याच्या अक्षरात आहे. माझ्यानं ते लिहवलं नव्हतं.