पायाला हात लावू न देणारी बाई

रामघाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर मी घसरले आणि घोट्यात कट्‌ असा आवाज झाला. लगेच सल्लागार जमले. "पहलवानजींकडे न्या, मालीश करून एका झटक्यात हाड बसवतील," म्हणत एकाने पाय ओढायला हातही घातला. तेवढ्यात नुकतीच नाहून निघालेली एक बाई ओल्या लुगड्यानिशी मध्ये घुसली.

"हाथ मत लगाना! जीजी, तुम भी हिलो मत."

तिने आपली कोरडी शाल माझ्या घोट्याभोवती गुंडाळली, माझ्याच ओढणीने बांधली आणि पायालाच दटावलं, "अब चुपचाप बैठ." रिक्षा येईपर्यंत तिने कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. उलट सल्लागारांनाच मला उचलायला लावलं.

"तुम्हें ये सब कैसे पता?" मी विचारलं.

"मेरा भी पहलवान ने ही बिठाया था." लुगडं जरा वर करून तिने आपला वाकडा घोटा दाखवला. "देखो, कैसा बैठा है!" आणि स्वतःच खळखळून हसली.

माझं हाड प्लास्टरमध्ये सरळ जुळलं. तिचं नाव विचारायचं राहिलं. पण हल्ली कुणी पडलं, की मी आधी गर्दीवर ओरडते आणि मग विचारपूस करते.