मामा केलेली माणसं

नेवाशात पिठाच्या गिरण्या पुष्कळ आहेत. पण अख्खा माणूस दळून, चाळून त्यातून मामा काढणारी गिरणी एकच, माझ्या बायकोच्या आत्याची. भुवयांपासून चपलांपर्यंत ही बाई बारा महिने पांढरी. घरघरीवर आवाज चढवायची सवय अशी, की देवळात नवस बोलली तरी तो नदीपलीकडे ऐकू जावा. तिच्या पोटात काही राहत नाही, असं मी कैक वर्षं सांगत फिरायचो.

तिची शिकारीची पद्धत साधी. दळण गिरणीत पडलं की गिऱ्हाईक अडकलं. पीठ सोडून पळणार कुठे? जवळच्या वसतिगृहात एचआयव्हीनं आईबाप गेलेली मुलं राहतात. काहींना स्वतःलाही रोजच्या गोळ्या आहेत. दिवाळीत वसतिगृह ओस पडतं, आणि ज्यांना नातलग दारात उभं करत नाहीत ती मागे उरतात. त्यांना आत्या आजोळ मिळवून देते. शिंपी, टेम्पोवाला, चर्चचे पास्टर, कुणी सुटलं नाही. बाकी महाराष्ट्र माणसाला ‘मामा करतो’ तो फसवून. आत्या फसवून खरोखरच मामा करते.

गेल्या दिवाळीत मी गहू घेऊन गेलो. गिरणी चालू होती. आत्या ओरडली, “जावईबापू, मामा व्हता का?” मला ऐकू आलं, चहा घेता का? जावयाच्या रुबाबात मी म्हणालो, “अर्धाच!”

“अर्धा न्हाई चालत. पुरंच व्हा!”

पोत्यांमागून नऊ वर्षांची सोनी पिशवी घेऊन पुढे आली. घरी फोन केला तर कळलं, वसतिगृहाच्या बाई आमचं घर पाहून गेल्या होत्या, बायकोनं गोळ्यांची वेळ समजून घेऊन गादीसुद्धा उन्हात टाकली होती. फक्त मामाला सांगायचं राहिलं होतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, “कुनाची वो ही? आईबापाला काय झाल्तं?”

“काय? ऐकू येत न्हाई! गिरनी लई वाजती!” म्हणत आत्यानं त्याचीच बाजरी आत ओतली. तिच्या पोटात काय काय राहतं, ते मला त्या दिवशी कळलं.

सोनी पहिले दोन दिवस पिशवी उघडेना. “मधीच जा म्हनले तर?” तिसऱ्या दिवशी मी मामाच्या तोऱ्यात भुईनळा पेटवायला वाकलो आणि अर्धी मिशी जाळून उठलो. पोरगी उचकी लागेपर्यंत हसली. “मामा, परत!” मिशी काही परत येणार नव्हती, पण दुसऱ्या दिवशी आमच्या दोरीवर तिचे फ्रॉक वाळत होते.

सोडायला गेलो, तेव्हा गिरणीतच तिनं विचारलं, “मामा, मे महिन्यात येऊ का?”

कुणासाठी न थांबणाऱ्या आत्यानं अर्ध्या दळणात खटका पाडला. पट्टा थांबला. तिथं एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तरी सवयीनं ओरडलोच, “ये!” बाहेरचा टेम्पोवाला दचकला.

आत्याचे कान आता जवळजवळ गेलेत. कानाला मशीन लाव म्हटलं, तर म्हणते, “कशाला? लोकांचे प्रश्न ऐकायला?”

मे उजाडलाय. घरात पीठ भरपूर आहे; तरी मी डबा घेऊन निघालोय.